लिकुआला ग्रँडिस पामचा रिव्ह्यू : महाग आहे, हळू वाढतो, पण जागा बरोबर असेल तर घ्याच

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. तुम्ही कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात किंवा गोव्यात राहत असाल आणि घरी सावलीची, वारा न लागणारी जागा असेल तर लिकुआला बिनधास्त घ्या, माझ्याकडून पाचपैकी पाच. पुण्यात असाल तर साडेतीन, कारण जमतो पण लक्ष द्यावं लागतं. नागपूर-अकोल्याकडे, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तिथे मी तरी घेऊ नका असंच सांगेन. आणि बाल्कनी पश्चिमेची असेल, दुपारचं ऊन सरळ आत येत असेल, तर गाव कुठलंही असो, दुसरं काहीतरी लावा.

माझ्याकडे दोन आहेत. एक ठाण्याच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर पूर्वेच्या बाल्कनीत कुंडीत आणि दुसरा माहेरी गुहागरला बाबांच्या आगरात जमिनीत लावलेला. दोन्ही एकाच नर्सरीतून, एकाच वेळी, जवळजवळ एकाच उंचीचे आणले होते त्यामुळे कुठे काय होतं ते मला समोरासमोर बघायला मिळालं. खाली जे लिहितेय ते बहुतेक त्यातूनच आलंय.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडं वर्णन. पामची पानं आपल्याला बहुतेक चिरलेली, झावळीसारखी माहिती असतात, माड घ्या, पोफळ घ्या, अरेका पाम घ्या. लिकुआला ग्रँडिसचं पान चिरलेलंच नसतं. अख्खं एक पान, जवळजवळ गोल, देठापासून कडेपर्यंत घड्याच घड्या आणि कडेला बारीक दाते, घडीचा पंखा पूर्ण उघडून धरावा तसं दिसतं. मोठ्या झाडाचं पान तीन फूट रुंद होऊ शकतं. झाड मात्र लहानच राहतं, एकच बारीक खोड, भरपूर वर्षांनी दहा फुटांच्या आसपास, कुंडीत तर त्याच्याही खाली. म्हणजे हा मोठा होऊन स्लॅबला टेकेल ही भीती नाही. देठाच्या खालच्या भागाला दोन्ही कडांनी काटे असतात हे मात्र लक्षात ठेवा, घरात रांगणारं बाळ असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

हा मूळचा वानुआतूचा आणि त्याच्या उत्तरेला लागून असलेल्या सांताक्रूझ बेटांचा, जी आता सॉलोमन आयलंड्स देशात येतात. वानुआतू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरातली ज्वालामुखीची बेटं, १९८० साली ब्रिटिश आणि फ्रेंच अशा दोघांच्या एकत्र राज्यातून स्वतंत्र झालेला देश. तिथल्या पावसाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या खाली, सावलीत, ओलाव्यात हा वाढतो. युरोपात तो १८७० च्या दशकात पोचला आणि तेव्हा लंडनच्या नर्सऱ्यांमध्ये प्रिचार्डिया ग्रँडिस या नावाने विकला जायचा, नंतर हर्मन वेंडलांड या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याला लिकुआला या प्रजातीत (जीनसमध्ये) आणलं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की मी नकाशा उघडून बघितलं तेव्हा लक्षात आलं, वानुआतू विषुववृत्ताच्या खाली साधारण १३ ते २० अंशांवर आहे आणि आपलं गोवा ते पालघर विषुववृत्ताच्या वर साधारण १५ ते २० अंशांवर. म्हणजे बऱ्यापैकी तेवढंच अंतर, फक्त उलट्या बाजूला. समुद्राजवळची दमट हवा दोन्हीकडे. म्हणून हा आपल्याकडे किनाऱ्यावर इतका खूश असतो. फरक एकच आणि तो मोठा आहे, तिथे कोरडा म्हणतात त्या सीझनमध्येही अधूनमधून पाऊस पडतो, आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत सगळा कोसळून जातो आणि पुढचे आठ महिने काहीच नाही. ते आठ महिने तुम्हाला भरून काढायचे असतात, या झाडाची सगळी सेवा म्हणजे खरं तर एवढीच आहे.

आता खरेदीबद्दल, कारण निम्मं काम तिथेच होतं किंवा बिघडतं.

चिपळूणच्या अलीकडे हायवेला लागून एक घरगुती नर्सरी आहे, नवरा-बायको दोघं चालवतात. मी लिकुआला दाखवा म्हटल्यावर काकांनी झाड दाखवायच्या आधी विचारलं, "ताई, ठेवणार कुठे? सकाळचं ऊन येतं की दुपारचं? वारा किती?" मी ठाण्याचं सांगितलं, गुहागरचं सांगितलं. गुहागर म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न, "समुद्राच्या अंगाला लावणार की घराच्या मागे?" इतके प्रश्न विचारणारा विक्रेता मला फार आवडतो कारण त्याला झाड विकण्याबरोबर ते जगावं असंही वाटत असतं. त्यांच्याकडे लिकुआला सगळे हिरव्या शेडनेटच्या खाली, तेही मागच्या कोपऱ्यात दाटीत ठेवलेले होते, पुढे रस्त्याकडेला शोसाठी एकही नाही. मी विचारलं पुढे का नाही ठेवत, गिऱ्हाईक बघेल ना, तर म्हणाले रस्त्याची धूळ आणि ट्रकचा वारा त्याला सोसत नाही.

तर नर्सरीत गेल्यावर पहिली गोष्ट बघा की झाड उभं कुठे आहे. सावलीत वाढलेलं झाड गडद हिरवं असतं. उन्हात ठेवलेल्याची पानं पिवळट, फिकट पडतात आणि मधेमधे करपल्याचे तपकिरी डाग येतात, ते डाग जन्मभर जात नाहीत, पान गळेपर्यंत तसेच राहतात. आणि याचं पान पटकन गळतही नाही आणि नवीन पटकन येतही नाही, वर्षाला मोजकीच पानं येतात, म्हणून खराब पानाचं झाड घेतलं तर ते खूप काळ बघत बसावं लागतं.

दुसरं, मधली सुरळी बघा. नवीन पान आधी मधोमध घट्ट मिटलेली उभी सुरळी म्हणून येतं. ती हिरवी, ताठ, कडक हवी. एकट्या खोडाचा पाम एकाच कोंबावर जगतो, हे ज्यांच्याकडे माड आहेत त्यांना सांगायला नको, तो कोंब गेला की झाड गेलं, बाजूने फुटवा येत नाही. लिकुआला ग्रँडिस पण एकट्या खोडाचाच. त्यामुळे चार पानं सुंदर आहेत आणि सुरळी मऊ किंवा काळपट आहे असं झाड कितीही स्वस्त देत असले तरी घेऊ नका. आणि जिथे दोन-तीन झाडं एका कुंडीत घालून 'भरगच्च' म्हणून विकतात तिथे विचारून घ्या, ती वेगवेगळी झाडं असतात, नंतर सुटी करायला गेलात तर मुळं तुटतात आणि पामला मुळं तुटलेली अजिबात चालत नाहीत.

तिसरं म्हणजे पिशवी किंवा कुंडी हलवून बघा. झाड मातीत घट्ट बसलेलं असावं. जमिनीतून काढून नुकतंच कुंडीत भरलेलं मोठं झाड डुलतं, मातीचा वरचा थर अगदी ताजा, भुसभुशीत दिसतो. अशी मोठी झाडं दिसायला भारी असतात, किंमतही भारी असते, पण घरी आणल्यावर दोन-तीन महिन्यांत एकेक पान सुकायला लागतं. माझ्या ओळखीत एकीने हॉलसाठी असं मोठं झाड बरेच हजार देऊन घेतलं होतं, ते टिकलं नाही. मी तर म्हणेन लहान पण कुंडीत नीट रुजलेलं घ्या. मला मिळाले ते गुडघ्याच्या वर होते, पाच-सहा पानांचे, एकेक हजाराच्या आतबाहेर पडला. त्याच उंचीच्या अरेका पामच्या कितीतरी पट ही किंमत आहे हे खरं, पण लिकुआलाचं बी रुजायलाच काही महिने, कधी कधी वर्षभरही लागतं आणि तिथून गुडघ्याएवढं व्हायला आणखी कित्येक वर्षं. तेवढी वर्षं कोणीतरी त्याला पाणी घातलंय, सावली दिलीय. मला ती किंमत पटली.

इथे ऑनलाइनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या दोन झाडांच्या आधी मी एका साइटवरून फोटो बघून 'फॅन पाम' मागवला होता. फोटो लिकुआलाचा होता, आलं ते लिव्हिस्टोना या दुसऱ्याच पामचं रोप. लहानपणी दोघं बऱ्यापैकी सारखे दिसतात म्हणून फसायला होतं, पण लिव्हिस्टोनाच्या पानाची कड चिरलेली असते, आतपर्यंत बोटं बोटं सुटी होतात, लिकुआला ग्रँडिसची कड अखंड असते, फक्त दाते. आणि गोल पानांचा जो लिव्हिस्टोना टेबल पाम म्हणून छोट्या कुंडीत मिळतो तो पुढे पन्नास फुटांच्याही वर जाणारा वृक्ष आहे, फ्लॅटमध्ये तो कायमचा ठेवायचा नसतो. फोटो पाठवून, मेल करून पैसे परत मिळाले पण त्याला बराच वेळ गेला. त्यामुळे हे झाड प्रत्यक्ष बघूनच घ्या असं मी सांगेन. तसंही कुरिअरच्या खोक्यात याची पानं दुमडतात, आणि घडीच्या आडवं दुमडलेलं पान परत सरळ होत नाही.

घरी आणताना गाडीत मागच्या सीटच्या पुढे खाली कुंडी ठेवा, पानं वर्तमानपत्रात सैल गुंडाळा आणि काचा बंद ठेवा. टेम्पोत उघड्यावर आणू नका, हायवेच्या वाऱ्याने एका प्रवासात पानांच्या चिंध्या होतात.

वाऱ्याचं मी परत परत म्हणतेय कारण ठाण्यात मला तेच सगळ्यात जास्त जाणवलं. एवढं मोठं अख्खं पान, त्याला वारा जायला फटी नाहीत, म्हणजे सगळा जोर पानावर. जोराच्या वाऱ्याने ते घड्यांच्या रेषेत फाटतं. फाटलं म्हणून झाड मरत नाही, पण ज्या अखंड पानासाठी आपण एवढे पैसे दिले ते राहत नाही. आमच्या बाल्कनीत जून-जुलैचा वारा आडवा येतो. मी ग्रिलच्या त्या बाजूला दोन मोठ्या कुंड्या आडव्या लावल्या, एक रबर प्लांट आणि एक दाट झालेला अरेका, आणि लिकुआला त्यांच्या आडोशाला भिंतीच्या कोपऱ्यात. त्यानंतर आलेली पानं सगळी अखंड आहेत. ज्यांची बाल्कनी विसाव्या मजल्यावर आहे त्यांनी हा घरातच, खिडकीजवळ ठेवावा, बाहेर नको.

उजेड कसा, तर सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, उलट बरं वाटतं त्याला, त्यानंतर नुसता उजेड हवा, ऊन नको. घरात ठेवणार असाल तर खिडकीपासून तीन-चार फुटांवर, आणि एसीचा झोत त्याच्यावर येणार नाही असा. एसीची कोरडी हवा लागली की कडेचे दाते तपकिरी होतात आणि मागोमाग लाल कोळी येतो. लाल कोळी म्हणजे बारीक किडे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, पान वरून फिकट ठिपक्या-ठिपक्यांचं दिसायला लागतं आणि मागच्या बाजूला घड्यांमध्ये बारीक जाळी. याच्या पानाला इतक्या घड्या की त्यांना लपायला जागाच जागा. औषधाच्या आधी साधा उपाय करा, आठवड्यातून एकदा पान दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा किंवा ओल्या मऊ फडक्याने घडीच्या रेषेने पुसा. एवढ्याने माझ्याकडे आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकूण दिसला तर देठाच्या बेचक्यात बघा, तिथे बसतो, कापसाने पुसून निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून मारायचं. पान चकाकण्यासाठी जो लीफ शाइनचा स्प्रे मिळतो तो मात्र मारू नका, या पानाला वेगळं चकाकवायची गरजच नाही.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगते. माती कायम ओलसर हवी पण चिखल नको, हे सगळेच सांगतात. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाणी कुठलं. आमच्याकडे महापालिकेचं पाणी आहे तोपर्यंत सगळं छान असतं, एप्रिल-मेमध्ये सोसायटी टँकर मागवायला लागली की टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं असतं, त्यात क्षार जास्त, आणि मग पानांच्या कडा करपायला सुरुवात होते. लोकांना वाटतं ऊन लागलं, पाणी कमी पडलं, म्हणून आणखी तेच पाणी घालतात आणि क्षार आणखी साठतात. मी त्या दोन महिन्यांत आरओचं फेकून द्यायचं पाणी चुकूनही त्याला देत नाही, त्यात तर क्षार एकवटलेले असतात, आणि शक्य तेव्हा पिण्याच्या नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी घालते. पहिला दुसरा जोरदार पाऊस झाला की कुंडी उघड्यावर नेऊन तासभर भिजू देते, साठलेले क्षार खालच्या भोकांतून धुऊन जातात. वारा नसेल तेव्हाच हे करायचं. कुंडीखाली बशी ठेवत असाल तर पावसाळ्यात काढून टाका.

माती. कोकणातली लाल जांभ्याची माती थोडी आंबट असते, पाण्याचा निचरा चांगला, याला ती मानवते. कुंडीसाठी मी ती माती, कोकोपीट, जुनं शेणखत आणि नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे असं मिसळलंय, तळाशी खापराचे तुकडे. प्रमाण फार काटेकोर नाही, मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला की फुटावा एवढं बघायचं. देशावरच्या लोकांनी मात्र काळी माती वापरू नये. ती पाणी धरून बसते आणि तिच्यात चुन्याचं प्रमाण जास्त असतं, मग माती अल्कधर्मी असल्यामुळे लोह आणि मँगनीज मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही आणि नवीन येणारं पान पिवळं येतं. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीकडे हेच होत होतं, तिने माती बदलल्यावर पुढचं पान हिरवं आलं.

नवीन पान पिवळं आणि जुनं पान पिवळं यात फरक आहे तो नीट समजून घ्या. नवीन पिवळं म्हणजे बहुतेक वर सांगितलं ते, लोह किंवा मँगनीज. सगळ्यात खालचं जुनं पान कडेने पिवळं आणि मधे हिरवं म्हणजे मॅग्नेशियम कमी, जुन्या पानावर नारिंगी-पिवळे ठिपके आणि टोक वाळतंय म्हणजे पोटॅश कमी. आणि इथे बहुतेक जण कात्री घेऊन ते जुनं पान कापून टाकतात, दिसायला वाईट म्हणून. कृपा करून कापू नका. झाडाला पोटॅश मिळत नसतं तेव्हा ते जुन्या पानातून काढून नव्या पानाला देत असतं. तुम्ही जुनं कापलं की ते त्याच्या वरच्या पानातून काढायला लागतं, मग तेही पिवळं पडतं, तुम्ही तेही कापता, असं करत झाडाच्या डोक्यावर दोनच पानं उरतात. पूर्ण तपकिरी होऊन सुकलं की मगच देठापाशी कापायचं, काटे सांभाळून.

खत म्हणून पामला स्फुरद फार लागत नाही, नत्र आणि पोटॅश लागतं. फ्लोरिडामध्ये पामसाठी ८-२-१२ (नत्र-स्फुरद-पोटॅश या क्रमाने) आणि वर ४ टक्के मॅग्नेशियम असं खत सुचवतात, त्या आकड्यांवरूनच कळतं मधला आकडा किती कमी आहे. आपल्याकडे सर्रास १९-१९-१९ घालतात, त्यात तिन्ही सारखे, म्हणून मी ते या झाडाला घालत नाही. मी दोन महिन्यांतून एकदा गांडूळखत आणि निंबोळी पेंड मूठभर, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर थोडं पोटॅश, आणि खालची पानं कडेने पिवळी दिसली तर एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) चमचाभर पाण्यात विरघळवून, एवढंच करते. थंडीत खत बंद, तेव्हा तो वाढतच नाही.

आता गुहागरचा. बाबा आधी अजिबात राजी नव्हते. "अगं याला फळ नाही, झाप नाही, लावायचा कशाला?" असं त्यांचं म्हणणं, माड-पोफळीत जन्म गेलेल्या माणसाचा प्रश्न बरोबरच आहे. मी म्हटलं बाबा, बघायला. शेवटी घराच्या मागच्या अंगाला, समुद्राकडे पाठ येईल अशा जागी, पोफळींच्या मधे लावला. नर्सरीच्या काकांनी तो समुद्राच्या अंगाला लावू नका म्हटलं होतं ते खारा वारा याला चालत नाही म्हणून. माड समुद्राच्या तोंडाला उभा राहतो, त्याच्या मुळाशी मीठही घालतात आपल्याकडे, हा त्यातला नाही.

पोफळीच्या खालची जी जागा असते ना, वरून गाळून आलेलं ऊन, खाली कायम ओल, बाजूला केळी, मिरीचे वेल, ती याची अगदी हक्काची जागा आहे. गोव्यातल्या लोकांनी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत लावावा, तसंच. शिपणं पोफळींना होतंच, त्यातलंच याला मिळतं, वेगळं काही नाही. ठाण्यातल्या कुंडीतल्या आणि गुहागरच्या जमिनीतल्या झाडात आता एवढा फरक पडलाय की नवीन माणसाला ते एका वयाचे वाटणार नाहीत, तिथलं पान माझ्या दोन वितींपेक्षा बरंच मोठं येतं आणि रंग इतका गडद की जवळजवळ निळसर वाटतो. दोनच गोष्टींची काळजी घ्यावी लागली. एक म्हणजे पोफळीची झावळी विरीसकट (बुडाच्या जाड आवरणासकट) वरून पडते, ती बरोबर याच्यावर पडली तर पानाची वाट लागते, म्हणून लावताना पोफळीच्या बुंध्यापासून हात-दीड हात सरकवून, दोन ओळींच्या मधे लावा. तरी एक पान गेलंच. दुसरी म्हणजे पावसाळ्यात कोंब कुजण्याची. ज्या बुरशीने सुपारीला कोळेरोग येतो त्याच जातकुळीतली बुरशी पामचा कोंबही कुजवते. बाबा पावसाच्या तोंडाला सुपारीवर बोर्डो मिश्रण मारतात, एक टक्क्याचं, म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, त्यातलंच थोडं याच्या कोंबावरही मारतात. पान निळसर पांढरं दिसतं काही दिवस, पावसाने धुऊन जातं. कुंडीतल्याला मी हे करत नाही, तो पावसाच्या थेट धारेखाली नसतोच. पण सुरळी सहज वर उपसून आली आणि बुडाशी कुजका वास आला तर समजायचं की उशीर झालाय.

आणि हो, बाबा आता पाहुणे आले की स्वतःहून मागे नेऊन दाखवतात.

पुण्याचं साडेतीन का म्हटलं ते सांगते. तिथे दोन अडचणी आहेत, मार्च ते मेची कोरडी हवा आणि डिसेंबर-जानेवारीतली पहाटेची थंडी. पारा १० अंशांच्या खाली जायला लागला की हा पानांवर डाग पाडून घेतो, म्हणून त्या दिवसांत रात्री घरात घ्यायचा. उन्हाळ्यात चार-पाच कुंड्या जवळजवळ दाटीने ठेवायच्या, खाली ट्रेमध्ये खडी आणि पाणी, कुंडी खडीवर, पाण्यात नाही. बहिणीचा असा जगलाय, वाढ माझ्या निम्म्याने आहे पण जगलाय आणि छान दिसतो. नुसतं स्प्रेच्या बाटलीने पानावर पाणी मारून आर्द्रता वाढते असं जे सांगतात त्याचा परिणाम काही मिनिटंच टिकतो, त्यावर विसंबू नका.

कुंडी बदलायची घाई करू नका. याला थोडी तंग कुंडी चालते. खालच्या भोकांतून मुळं बाहेर दिसायला लागली की एकच साइज मोठी घ्यायची, मातीचा गोळा न फोडता तसाच उचलून ठेवायचा, आणि खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवायचं, आधाराला म्हणून खोल पुरलं तर खोड कुजतं. हे काम जूनमध्ये करा, पहिला पाऊस झाल्यावर, तेव्हा मुळं पटकन धरतात.

ज्यांना ग्रँडिस परवडत नाही किंवा ऊन जास्त आहे त्यांनी लिकुआला स्पायनोसा विचारून बघावा. त्याची पानं अखंड नसतात, चिरलेली, आरे सुटे, पण तो बुडातून फुटवे देतो, गच्च होतो आणि ऊन जास्त सोसतो. आपल्या देशातलाच हवा असेल तर लिकुआला पेल्टाटा अंदमानात आणि ईशान्येकडच्या जंगलांत उगवतो, चांगला मोठा होतो, मात्र कुंडीपेक्षा बागेतच शोभतो.

नर्सरीच्या काकांना तक्रार म्हणून एकच सांगितलं, झाडावर नाव लिहिलेली पट्टी नाही, आणि सोबत काळजीचा साधा कागदही देत नाहीत. जे विचारेल त्याला ते सगळं सांगतात, पण न विचारणारा माणूस तो पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवून मोकळा होतो. तेवढ्यासाठी नर्सरीला पाचपैकी साडेचार. झाडाला पाच, आधीच सांगितलं.

त्यांच्याकडे शेडनेटच्या शेवटी एक जुना लिकुआला आहे, माझ्यापेक्षा उंच, त्याला मागच्या खेपेला फळांचा लोंगर लागला होता, वाटाण्याएवढी लालभडक फळं. त्याच्या ताज्या बिया मी मागून ठेवल्यात. बी वाळलं की रुजण्याची शक्ती फार कमी होते म्हणून ते फळ पिकल्यावर फोन करणार आहेत, मग गर काढून, एक-दोन दिवस पाण्यात भिजवून, ओलसर कोकोपीटमध्ये झाकणाच्या डब्यात घालून उबदार जागी ठेवायच्या. पहिलं पान येतं ते नुसतं चिंचोळं, टोकाला दाते असलेलं असतं, गोल पान त्यानंतर कितीतरी पानांनी येतं, त्यामुळे तुम्हीही बी लावलंत तर ते बघून चुकीचं बी दिलं असं समजून उपटून टाकू नका.